चार आट्यांचे काम

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो, आणि मला चार पाय आहेत. त्यांतले तीन धड आहेत, एक तुटलेला आहे. तुटलेल्या पायाखाली लाकडाचा ठोकळा सरकवून मला कसेबसे उभे केले आहे. तो पाय कसा तुटला, हे मला तुम्हाला सांगायचे आहे. जे तेव्हाच एका माणसाला सांगायला हवे होते, त्यातला एक शब्दही माझ्या तोंडून फुटला नाही. म्हणून आता निदान तुम्ही तरी ऐका.

लेथ म्हणजे काय, असे तुमच्यातले काही जण विचारतील. लाकडाचा ओबडधोबड तुकडा माझ्या दोन टोकांच्या मध्ये घट्ट धरतात. मोटार सुरू झाली की तो गरागरा फिरू लागतो. मग कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, धारदार पटाशी त्या फिरत्या लाकडाला टेकवतो. ढलप्या उडू लागतात आणि लाकूड हळूहळू गोल, गुळगुळीत होत जाते. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, बुद्धिबळाची प्यादी, भोवरे, असे कितीतरी मी घडवले आहे. मी घडवले म्हणतो खरा, पण फिरवण्यापलीकडे माझे कर्तृत्व ते काय?

माझा जन्म ओतशाळेत झाला. बीड वितळवून साच्यात ओतले आणि माझे धड आणि पाय तयार झाले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते कितीही वजन पेलते, पण हातोड्याचा घाव त्याला सोसत नाही. ते वाकत नाही, सरळ तडकते. माझ्या स्वभावातही ही खोड आहे, हे मी मान्य करतो.

सुरुवातीची वीस वर्षे मी फर्निचरच्या एका मोठ्या कारखान्यात राबलो. तिथे मला नाव नव्हते, फक्त नंबर होता. पुढे नवी चकचकीत यंत्रे आली आणि मला मागच्या अंगणात पत्र्याखाली ढकलून दिले. तिथे माझ्या अंगावर गंज चढला आणि पोटात कोळ्यांनी संसार थाटला. एक दिवस एक सडपातळ, अबोल माणूस आला. त्याने खिशातून फडके काढले, माझा दांडा पुसला, हाताने एकदा फिरवून कान लावून ऐकले आणि म्हणाला, "आत अजून जीव आहे याच्यात." माझ्याबद्दल कोणी इतके चांगले त्याआधी कधी बोलले नव्हते.

तोच माझा कातारी. त्याने भाड्याने एक लांबट खोली घेतली होती. पुढच्या भागात काम आणि पडद्यामागे घर. घरात तो आणि त्याची पाच वर्षांची लेक, एवढेच. लेकीची आई नव्हती. तो तिला 'बारके' म्हणून हाक मारायचा आणि ती त्याला बाबा म्हणायची. आता ती माझ्या धडाचे एक टोक एकटी उचलते, तरी नाव बारकीच राहिले आहे.

पहिले काही दिवस माझे काम नीट होईना. वेग वाढवला की मी थरथरायचो आणि लाकडावर बारीक लाटा उमटायच्या. प्याद्याची मान कातायला घेतली की ती तुटलीच म्हणून समजा. कातारी दोन दिवस माझ्याभोवती फिरला. मग त्याने घरमालकिणीला विचारले. ती प्रेमळ म्हातारी होती. "फरशी फोड, पण मला धूळ नको," एवढेच ती म्हणाली.

त्याने माझ्या पायांखाली चार खड्डे केले, त्यांत काँक्रीट ओतले आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक बोल्ट उभा रोवला. त्यावर चामड्याची चकती ठेवली, चकतीवर माझा पाय बसवला आणि वरून नट आवळला. बस. चार बोल्ट, चार नट. मोटार सुरू केली तर माझी थरथर पार गेलेली. त्या संध्याकाळी त्याने लेकीसाठी एक भोवरा कातला. त्याच्यावर एकही लाट नव्हती.

मग एक छोटीशी गोष्ट घडली. पुढचे सारे रामायण तिच्यातूनच झाले. बारकी अनवाणी धावत आली आणि तिचा अंगठा नटावर जोरात आपटला. नख उखडले. रक्ताची धार लागली आणि तिने रडून घर डोक्यावर घेतले. कातारी तिला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. दुसऱ्या दिवशी त्याने चार लाकडी बुचे कातली, आतून पोकळ. नटांना भरपूर ग्रीस लावले, त्यावर बुचे बसवली, माझ्या पायांना तेलकट कागद गुंडाळला आणि वरून सिमेंटचा पातळ हात फिरवला. आता टोचायला काहीच उरले नाही. माझे चारही पाय जमिनीतूनच उगवल्यासारखे दिसू लागले.

"पुढेमागे काढायची वेळ आली तर पापुद्र्यासारखं निघेल," तो स्वतःशीच म्हणाला. ते वाक्य दोघांनी ऐकले. एक तो आणि एक मी. बारकी अंगठ्याला पट्टी बांधून झोपली होती. अंगठा नेमका कशावर आपटला, हे पुढे ती विसरूनही गेली.

त्यानंतर पंचवीस वर्षे कशी गेली, कळलेही नाही. बारकी स्टुलावर चढून काम बघायची. तिने पहिल्यांदा पटाशी धरली तेव्हा तिचे मनगट सारखे हलत होते. बाबा मागून म्हणायचा, "हात दगडासारखा ठेव, बारके. फिरायचं काम लाकडाचं. आपला हात फिरला की लाकूड बिघडलंच." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझ्या चाकांनाही ते पाठ आहे. ती शिकली. बापापेक्षा बारीक काम करू लागली. शाळेतले इतिहासाचे मास्तर तिच्याकडून बुद्धिबळाच्या सोंगट्या करून घेऊन गेले आणि राजाच्या मुकुटावरची नक्षी भिंगातून बघत बसले. रोज संध्याकाळी ती माझ्यावरचा भुसा झटकायची आणि दांड्याला तेल द्यायची. मित्रांनो, मी सुखात होतो.

दोन वर्षांपूर्वी बाबाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बारकी त्याला दिवसभर तिथे बसवायची. तो बघत राहायचा. डावा हात मांडीवर शांत पडलेला असायचा. बोल्टांचे मात्र राहूनच गेले. सांगायचे कधी कारणच पडले नव्हते. ती खोली कधी सोडावी लागेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्याच वर्षी म्हातारी मालकीण गेली आणि खोली तिच्या पुतण्याकडे आली. हा पुतण्या वाईट माणूस होता, असे मी म्हणणार नाही. त्याला तिथे कॉफीचे दुकान काढायचे होते, इतकेच. त्याने बारकीला खोली रिकामी करायला सांगितले आणि माझ्या धडावर थाप मारली.

"हे मात्र इथेच राहणार. याच्यावर काच टाकून मस्त टेबल होईल. वर एक फुलांची कुंडी."

"मशीन आमचं आहे," बारकी म्हणाली. "माझ्या बाबांनी आणलंय."

"आणलं असेल. पण बसवलं कुठे? जमिनीत. जे जमिनीला जोडलं ते जमिनीचं झालं, आणि जमीन माझी. हा काही माझ्या मनाचा नियम नाही, ताई. कायदाच आहे."

कुंडी! मी आयुष्यभर लाकूड फिरवले आणि आता पाण्याचे थेंब झेलत उभा राहणार! पण माझे सोडा. मी गेलो तर बारकीला दुसरीकडे रोजावर जावे लागणार होते, सकाळी सात ते संध्याकाळी सात. बाबाला घास कोण भरवणार, कूस कोण बदलणार? तिच्याकडे जिन्याच्या कठड्याचे मोठे काम आले होते. ते हातचे गेले की पुन्हा मिळणार नव्हते. तिचा जीव टांगणीला लागला.

मास्तर आले तेव्हा तिने त्यांना सगळे सांगितले. ते चष्मा पुसत म्हणाले, "मोठी राज्यं लहान मुलूख असाच जोडून घेतात, पोरी. आधी नुसती चौकी बसवतात. काही वर्षांनी म्हणतात, हा आमचाच भाग आहे, वेगळा होता कधी?" मला वाटले, मुलुखातल्या माणसांना निदान ओरडता तरी येते.

बारकी कोर्टात गेली. परत आली ती बाबाच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसली आणि त्याला सगळे समजावून सांगू लागली. "बाबा, ते दोन गोष्टी बघतात म्हणे. वस्तू किती घट्ट जोडलीय आणि कशासाठी जोडलीय. मशीन नीट चालावं म्हणून जोडलं असेल तर आपलं. खोलीचाच भाग करून टाकलं असेल तर खोलीचं. आणि खोली फोडल्याशिवाय निघतच नसेल, तर मग अवघड आहे. आठ दिवसांनी कोर्टाने नेमलेल्या एक वकीलबाई पाहणीला येणार आहेत." तिने माझ्या पायांकडे पाहिले. "आणि तुम्ही तर याला पुरून ठेवलंय, बाबा."

त्या क्षणी बाबाचा डावा हात मांडीवरून उठला आणि हवेत फिरू लागला. गोल, डावीकडे. पुन्हा पुन्हा. त्याचे डोळे माझ्या पायांवर खिळले होते. घशातून नुसता घरघर आवाज येत होता.

बारकीच्या डोळ्यांत पाणी आले. "कामाची आठवण येते का हो, बाबा?" म्हणून तिने बटण दाबले आणि मला सुरू केले. बाबा रडू लागला. तिला वाटले, आनंदाने रडतो आहे.

मित्रांनो, मी तेव्हा जिवाच्या आकांताने फिरत होतो. सांगावेसे वाटत होते, अगं, बुचाखाली बघ, नुसते नखाने खरवड. पण मला घरघरण्याशिवाय काय येते? आम्ही दोघेही घरघरत राहिलो, तो आणि मी. तिला मधले काहीच कळले नाही. आठवडाभर असेच चालले. तो हात फिरवायचा आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवायची.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा धीर सुटला. वकीलबाई येऊन पाहतील तेव्हा मी मोकळा उभा असलो पाहिजे, असे तिने मनाशी ठरवले होते. तिने कुठून तरी मोठा हातोडा आणि छिन्नी आणली. ते पाहताच बाबा खुर्चीत धडपडू लागला. त्याने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला आणि पुन्हा हवेत तो हात फिरवला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बघवत नाही ना तुम्हाला? मलाही नाही बघवत," ती म्हणाली. "तुम्ही बघूच नका." आणि तिने त्याची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

पहिल्या घावाला सिमेंटचा पापुद्रा उडाला. तिथे थांबली असती तर! पण काँक्रीट हातभर खोल आहे असे तिला वाटत होते, त्यामुळे तिने दुसरा घाव सगळे बळ एकवटून घातला. तो काँक्रीटवर बसलाच नाही. तो माझ्या पायावर बसला. कडाड असा आवाज झाला आणि पाय घोट्यातून तुटला. छिन्नी निसटून फरशीत घुसली आणि फरशीलाही लांब चीर गेली. मला वेदना झाली का, असे विचारू नका. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाच्या पाठीकडे मी पाहत होतो. ती पाठ गदगदत होती.

आवाज ऐकून नवा मालक, तो पुतण्या, धावत आला. त्याने फोटो काढले आणि शांतपणे म्हणाला, "बघा, फोडल्याशिवाय निघत नाही, हे तुम्हीच दाखवून दिलंत." बारकीच्या हातातून हातोडा गळून पडला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. वयस्कर होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेले होते. त्यांनी फुटलेली फरशी पाहिली, तुटलेला पाय पाहिला, बाकीचे तीन पाय पायाने चाचपले.

"कशासाठी बसवलं होतं हे?"

"थरथर थांबावी म्हणून. थरथरलं की लाकडावर लाटा येतात."

"हे तुमच्या बाजूचं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण हे निघतं कुठे? जे दिसतं तेच मला लिहावं लागणार." त्यांनी वहीत लिहिले आणि वही मिटली. मालकाने घड्याळ पाहिले.  बारकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

जाता जाता वकीलबाईंची नजर बाबाकडे गेली. त्याचा हात फिरतच होता, डावीकडे, डावीकडे, थकून खाली पडत होता आणि पुन्हा उठत होता. त्यांना वाईट वाटले असावे. त्या मायेने म्हणाल्या, "काका अजून लाकूड कातताहेत वाटतं."

"नाही हो," बारकीच्या तोंडून सवयीने निघून गेले, "कातारी कधी हात फिरवत नाही. लाकूड फिर..."

आणि ती थांबली.

तिने बाबाकडे पाहिले. त्याच्या हाताकडे पाहिले. मग त्याची नजर जिथे होती तिथे, माझ्या मागच्या पायाकडे पाहिले. ती गुडघ्यांवर बसली आणि पटाशीच्या मुठीने तिने माझ्या पायाभोवती ठोकून पाहिले. एके ठिकाणी पोकळ आवाज आला. पटाशीच्या टोकाने तिने सिमेंट खरवडले. ते पोळीच्या पदरासारखे सुटून आले. खाली लाकडी बूच होते, कडेला बाबाची नेहमीची बारीक दुहेरी रेघ कातलेले. बूच उचलले तर ग्रीसमध्ये नट, काल बसवल्यासारखा चकचकीत.

 तिने पान्हा लावला आणि डावीकडे फिरवला. एक आटा, दोन, तीन, चार. नट तिच्या तळहातावर आला. एकामागून एक तिन्ही नट निघाले. मग तिने माझ्या धडाला खांदा लावला आणि माझा मागचा पाय बोल्टावरून अलगद वर उचलला गेला. खाली चामड्याची चकती होती. तिथल्या फरशीला ओरखडाही पडला नव्हता.

वकीलबाई भिंतीला धरून खाली बसल्या, दुखरे गुडघे सांभाळत, आणि त्यांनी स्वतः बोट घालून पाहिले. "ज्यानं हे बसवलं, त्याला हे कधीतरी परत न्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "खोलीला देऊन टाकायचं असतं, तर एवढं ग्रीस कोणी लावलं नसतं. हे मशीन खोलीचं नाही." मग तुटलेल्या पायाकडे पाहत हलकेच म्हणाल्या, "फुटलेली फरशी मात्र तुम्हाला नीट करून द्यावी लागेल."

मालक गोंधळून म्हणाला, "अहो ताई, मग आधी सांगायचं ना!" 

सगळे गेल्यावर बारकीने तुटलेल्या पायाभोवतीचे तुकडे बाजूला केले. तिथेही बूच होते आणि बुचाखाली नट होता, धडधाकट. घाव त्याच्यापासून बोटभर अंतरावर बसला होता. तिने बाबाची खुर्ची जवळ ओढली, त्याच्या गुडघ्यांवर डोके टेकले आणि म्हणाली, "चार आट्यांचं काम होतं, बाबा. आणि मी तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं." मग ती मोठ्याने रडली. लहानपणी अंगठा फुटला तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

आता आम्ही दुसऱ्या गल्लीत, एका लहान खोलीत राहतो. मी तिचा आहे, तसा कोर्टाचा कागदच आहे. पण तीनच पाय बोल्टांवर आवळलेले असल्यामुळे मी पुन्हा थरथरतो. वेल्डर येऊन पाहून गेला. "बीड आहे, ताई. धरलं तर धरलं, नाहीतर आहे तेही जाईल," म्हणाला. लाकडावर पुन्हा लाटा उमटतात. कठड्याचे काम हातचे गेले. प्यादी होत नाहीत, नुसत्या मुठी आणि खुंट्या होतात. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी काय म्हणेल, मला ठाऊक नाही. 

इथे आल्यावर तिने सगळ्यात आधी एक काम केले. मोटारीची तार जोडण्याच्याही आधी. नवे बूच कातले, उजव्या हाताला ठसठशीत दिसेल असे बसवले आणि त्यावर तापल्या सळईने अक्षरे उठवली : 'याखाली नट आहे. डावीकडे फिरवा.'

मित्रांनो, तुम्हीही आयुष्यात खूप काही जोडाल, बसवाल, पक्के कराल. जरूर करा. पण ते सोडवायचे कसे, हे आपल्या माणसांना वेळेवर सांगून ठेवा, तोंडात शब्द आहेत तोवर. आणि कोणी बोलू शकत नसेल, तर त्याचा हात कुठे जातो ते बघा. त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवू नका.

बाबा अजूनही माझ्या शेजारीच बसतो. बारकी त्याला दोन्ही वेळा घास भरवते. ज्या दिवशी तो पहिला नट तिच्या तळहातावर आला, त्या दिवसापासून त्याचा डावा हात मांडीवर शांत पडून आहे. तो पुन्हा एकदाही फिरलेला नाही.